बाकी ठेवलेला वाटा

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही. चौथीपर्यंत शाळा झाली. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे होती आणि पावसाळ्यात ओढा ओलांडायला सोबत कुणी नव्हतं, तिथेच शिक्षण थांबलं. गुरुजी म्हणायचे, हिची ओळ खेकड्यासारखी चालते, सरळ निघते आणि तिरकी पोचते. वर्ग हसायचा आणि मी पाटी छातीशी धरून बसायची. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. मला तोंडाने बोलायला जमत नाही, चार माणसांत तर नाहीच, म्हणून दुपारची भांडी घासून झाली की मागच्या पडवीत बसून लिहिते. चुकून कुणाच्या हाती पडलं तर चुका पोटात घाला.

आज सकाळी ह्यांनी हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताच्या खाचराचं तोंड उघडलं. भादवा सरत आलाय, दाणा भरलाय, आता शेतातलं पाणी काढायला हवं. कुदळीचे चार घाव घातले, बांधाचा चिखल बाजूला झाला आणि पाणी खालच्या ओहोळाकडे निघालं. मी जाऊन उभी राहिले. दर भादव्यात उभी राहते. पाणी आधी गढूळ आलं, मग निवळलं, मग त्यातून भाताची पिवळी पानं आणि काडीकचरा वाहत आला.

"काय बघतेस?" ह्यांनी विचारलं.

"काय नाय."

"मंग जा घरी. भाकऱ्या हायेत ना थापायच्या?"

मी खरंच सांगितलं होतं. बघण्यासारखं काही नव्हतं. पाण्यात नुसतं पाणी होतं.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं. लग्न होऊन इकडे किन्हवलीच्या बाजूला आले तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. तेव्हा खाचर उघडायचा दिवस म्हणजे घरात न सांगता आलेला सण असायचा. आदल्या संध्याकाळी सासूबाई बांधाच्या तोंडाशी मळई लावायला लावत. मळई म्हणजे बांबूच्या कामट्यांची लांबट टोपली, आत शिरायला तोंड रुंद आणि बाहेर यायला वाट नाही. पावसाच्या सुरुवातीला नदीतले मासे ओहोळ चढून आमच्या शेतात येत, भाताच्या मुळाशी अंडी घालत. त्यांची पिल्लं अख्खा पावसाळा त्या उथळ, कोमट पाण्यात वाढायची आणि पाणी उतरायला लागलं की त्यांनाही कळायचं, आता निघायला हवं. सकाळी मळईजवळ गेलं की आधी आवाज यायचा, सुपात तांदूळ पाखडावेत तसा. मग टोपली उचलायची आणि त्यात खवली, मुऱ्या, काळे शिवडे, झिंगे, एखादी वळवळणारी वाम. सासूबाई निम्मी मळई परत पाण्यात ओतायच्या. "समदी आपनच खाल्ली तं नदीला काय सांगू?" असं म्हणायच्या, जसं काही नदी शेजारच्या घरात राहते आणि संध्याकाळी विचारायला येणार आहे.

मासे मीच साफ करायची, विहिरीमागच्या दगडावर. नवी सून, बोलायला येत नाही, मग हातांना काम. त्या दगडावर मी जेवढं शिकले तेवढं शाळेत नाही. मरळाचं पोट चिरलं की आत अख्खी खवली निघायची, कधी बेडकाचं पिल्लू. खवलीच्या पोटात पाण्यातल्या किड्यांचे बारीक पाय आणि हिरवा चिखल. खेकडा उघडला की त्याच्या आत कुजक्या पानांचा काळा लगदा, ओहोळात पडलेल्या सागाच्या, उंबराच्या पाल्याचा. मी ते बघत बसायची तर सासूबाई आतून ओरडायच्या, "अगो, मासं धुतेस का वाचतेस?" आणि मग स्वतःच येऊन शेजारी बसायच्या. "ह्याच्या पोटात तो, त्याच्या पोटात तिसरा, आन् समदे जाऊन आपल्या पोटात. चल, हळद आन."

ह्याच मासळीतून जनीची आणि माझी ओळख वाढली.

जनी वाडीवरची. वाडी आमच्या गावाच्या वर, जंगलाच्या कडेला. तिचं घरातलं बोलणं वेगळं, आमच्याशी ती आमच्यासारखं बोलायची. वाडीवरची बरीच माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जात. मुकादम आधीच येऊन पैसे देऊन जायचा, त्याला उचल म्हणतात. उचल घेतली की भट्टी सांगेल तितके महिने तिथेच राहायचं, पोराबाळांसकट, आणि परत येताना हिशेबात काहीतरी उरलेलंच असायचं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. जनी आणि तिचा नवरा कधी गेले नाहीत. "मी काय वीट हाय भट्टीत शिरायला?" असं ती मुकादमाच्या तोंडावर म्हणायची. तिला हे म्हणता यायचं ते ओहोळाच्या जिवावर. मासे, खेकडे, त्यातलं थोडं खायचं, थोडं सुकवायचं, थोडं विकायचं आणि थोडं फेडायचं.

फेडायचं म्हणजे असं. आषाढात वाडीवर धान्य संपतं. रान ओलं, मजुरी नाही, नदीला पूर. त्या दिवसांत जनी आमच्या पायरीच्या कडेला येऊन बसायची. "तांदूळ दे, वयनी. मासळीनं फेडीन." मी पायलीने मोजून द्यायची. आणि भादवा-आश्विनात, शेतं उघडली की, ती रोज सकाळी सागाच्या पानावर मासळीचे वाटे लावून फेड करायची. भाव ठरवायची गंमत तर अशी की मी आतून दाराआड उभी, तोंडातून शब्द नाही.

"हे दोन वाटं एका शेराचं," ती म्हणायची. मी गप्प.

"काय म्हनतेस, कमी हाय? बरं, तीन घे." मी अजून गप्प, कारण काय म्हणायचं तेच सुचायचं नाही.

"तीनात पन नाय? अगो बाय, तू तं मोठी खट हाय!" आणि चौथा वाटा पानावर टाकून ती कपाळाला हात लावायची. "वयनी, तू बोलत नाय म्हनून मला माझ्यासंगंच भांडाया लागतं. आन् मी दर वक्ताला हरते."

सासूबाई आत हसून हसून चुलीवर वाकायच्या. आणि दाराआड मीही, पदर तोंडात धरून.

सगळी फेड झाली असं मात्र कधी झालं नाही. आश्विन संपता संपता शेवटचा एक वाटा राहायचा आणि तो ती मुद्दाम ठेवायची. पहिल्या वर्षी मला वाटलं विसरली. दुसऱ्या वर्षी मी धीर करून म्हटलं, "जने, एक वाटा राहिला." तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "राहू दे की. समदं फेडलं तं पुढल्या साली तुझ्या दारात कुठल्या तोंडानं येऊ?" वाडीवर सगळ्यांचं असंच असे, तिने सांगितलं. आईनेही तिच्या असंच केलं, ज्या घराशी नातं ठेवायचं त्या घराचं थोडं बाकी ठेवायचं. मग मीही तांदूळ मोजताना शेवटचं माप न सपाटता, थोडं उंच भरून द्यायला लागले. दोघींनी एकमेकींचं थोडं थोडं ठेवलेलं, आणि कोण कुणाचं देणं लागतं ते दोघींनाही नीट ठाऊक नाही.

खेकडे धरायला तिनेच मला नेलं होतं. बांधाला बीळ दिसलं की मला सगळी बिळं सारखी. ती पायाच्या अंगठ्याने माती चाचपायची आणि म्हणायची, हा घरात हाय, हा गावाला गेला. मी हात घातला आणि खेकड्याने बोट धरलं. मी अशी किंचाळले की पलीकडच्या शेतात वाकलेली माणसं उभी राहिली. जनी चिखलात बसून हसत होती. "तोंडानं नाय तं बोटानं तरी वरडलीस गो! मला वाटलं देवानं तुला आवाजच नाय दिला." त्या बोटावर अजून बारीक पांढरा वण आहे. लिहिताना पेन तिथेच टेकतं.

पण खेकड्यांचा राग गावात होता, आणि तो खोटा नव्हता. खेकडा बांधाला आरपार बीळ पाडतो. रात्रीतून खाचर रिकामं होतं आणि दाणा भरायच्या वेळेला भात उघडं पडतं. हे रोज सकाळी बिळं बुजवत फिरायचे आणि दुसऱ्या सकाळी शेजारी नवं बीळ. वरच्या शेताचं पाणी खालच्या शेतात गेलं म्हणून भावाभावांत कुदळी उगारल्या गेल्या होत्या. तेव्हा एका श्रावणात देवळासमोर पुरुषमाणसं बसली आणि ठरलं की तालुक्याच्या गावाहून औषध आणायचं. भातात कालवून बिळाच्या तोंडाशी ठेवायचं. एकट्याने करून उपयोग नाही, सगळ्या शिवारात एकाच दिवशी व्हायला हवं, नाहीतर ह्याच्या शेतातला खेकडा त्याच्या शेतात जाईल.

आणि बिळं कोण शोधणार? तर वाडीवरच्या बायका. त्यांच्याइतकी बिळं कुणाला कळतात? त्यांना रोज दिला की काम झालं.

हे ठरलं तेव्हा कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी घरात ऐकलं आणि मलाही वाटलं, बरोबर आहे, त्यांना मजुरी मिळेल. श्रावणात मजुरी कुठे असते? जनी तर आनंदात होती. "आजवर खेकडा खाल्ला, आता खेकड्याचा रोज खाऊ," असं म्हणत ती ओटीखाली टोपली घेऊन उभी राहिली. सासूबाईंनी पाठीमागे तीन दगडांवर जुन्या टोपात भात शिजवला. घरातली चूल त्यांनी त्याला दिली नाही. औषध कालवायच्या आधी त्यांनी त्या भाताला हात जोडले. नंतर तो टोप त्यांनी लांब नेऊन पुरला.

"मरतील का गो समदे?" मी जनीला हळूच विचारलं.

"समदे कुठं मरतात? आमी उन्हाळ्यात डोहात गेळाची फळं कुटून टाकतो, तसंच हे. मासं गुंगतात, पोट वर करतात. आपल्याला पायजे तेवडं घ्यायचं. वरून नवं पानी आलं का बाकीचं उठतात आन् आपल्या वाटंनं जातात." तिने टोपली डोक्यावर घेतली. वाफाळलेल्या भाताचा वास येत होता, लग्नघरात येतो तसा. बायका एका रांगेत बांधांवरून निघाल्या. पायाच्या अंगठ्याने माती चाचपत, हा घरात हाय, हा गावाला गेला, आणि जो घरात आहे त्याच्या दाराशी भाताची गोळी.

दुसऱ्या दिवशी खेकडे बाहेर येऊन बांधावर बसले होते. खेकडा माणसाची सावली पडली तरी बिळात शिरतो. पण हे खेकडे हलेनात. काही उलटे, पाय वर करून. बगळ्यांना कळलं, ते आले, पोटभर खाल्लं आणि संध्याकाळी बगळेही बांधावर माना टाकून बसले. घरात हे खुशीत होते. बांध दगडासारखा राहिला, पाण्याचा थेंब हलला नाही, असं जेवताना दोनदा म्हणाले. त्या वर्षी भात चांगलं झालं, हे मी लपवत नाही.

मग दोनतीन दिवसांनी जोराचा पाऊस झाला. खाचरं भरून वाहिली आणि शिवारातलं सगळं पाणी ओहोळात उतरलं. सकाळी मी धुणं घेऊन गेले तर ओहोळ पांढरा दिसत होता. आधी वाटलं फेस आहे. जवळ गेले तर खवली. नखाएवढ्या, बोटाएवढ्या, पोटं वर करून, काठाच्या गवताला अडकलेल्या. शिवडे, मुऱ्या. नुकते पाय फुटलेले बेडूक. एक दिवड, तो पाण्यातला साप, दोरीसारखा लांब पडलेला. धुण्याचं बोचकं मी काठावर ठेवलं.

जनी आधीच तिथे होती. तिने आमच्या विहिरीवरून स्वच्छ पाण्याची घागर भरून आणली होती. काठावर गुडघे टेकून ती एकेक मासा उचलून घागरीत सोडत होती, आणि आत बघत होती.

"नवं पानी हाय," ती मला म्हणाली. "उठतील आता."

मी तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी घागरीत बघत राहिलो. मासे आडवे तरंगत होते. तिने पाण्यात बोट फिरवलं, तेव्हा ते पाण्याबरोबर गोल फिरले आणि पाणी थांबलं तसे थांबले. तिने घागर ओतली, विहिरीवर गेली, पुन्हा भरून आणली. पुन्हा मासे सोडले. ऊन वर आलं. मी धुणं न धुताच परत निघाले तेव्हा ती तिसरी घागर भरायला चालली होती. मला ती म्हणाली, "गेळाला पन कदी कदी येळ लागतो." तिच्या आवाजात विचारल्यासारखं काहीतरी होतं.

त्यानंतरचे भादवे मला वेगवेगळे आठवत नाहीत. एकच लांब भादवा असल्यासारखं वाटतं, ज्यात दर खेपेला काहीतरी कमी आहे.

ओहोळातला पाला साचायला लागला. झाडं तीच, पानगळ तीच, पण पूर्वी पाला कुठे जायचा हे आता कळलं. खेकडे तो कुरतडून बारीक करत, त्यावर किडे आणि झिंगे जगत, त्यांच्यावर मासे. खेकडे नाहीत तर पाला थरावर थर बसला, काळा पडला, कुजला, आणि ओहोळाला गटारासारखा वास यायला लागला. बेडकांचा आवाज एका पावसाळ्यात विरळ झाला आणि दुसऱ्यात थांबला. आधी शांत झोप लागते म्हणून बरं वाटलं. मग भातावर तुडतुडे आले, एवढे की पानाला हात लावला की हातावर करडी पूड उडाल्यासारखे उडायचे. त्यांना खाणारे पाण्यात राहिले नव्हते. म्हणून फवारायचं औषध आलं. फवाऱ्याने तुडतुडे गेले, आणि उरलेले चतुर आणि कोळीही गेले. मग डास. गावात आणि वाडीवर घरटी हिवताप. आणि पुढच्या वर्षी तुडतुडे पुन्हा आले, आणि पुन्हा औषध. हे आता ओटीवर औषधाच्या डब्यांची रांग लावतात, पूर्वी तिथे मळया टांगलेल्या असायच्या.

एकदा ह्यांनी डोहातून मरळ धरून आणला. बऱ्याच दिवसांनी मासा आला म्हणून घरात सगळे गोळा झाले. डोकं केवढं तरी मोठं आणि मागचं अंग दोरीसारखं बारीक. मी दगडावर नेला, पोट चिरलं. आत काहीच नव्हतं. धुऊन ठेवल्यासारखं पोट. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, बघितलं, आणि त्यांचं ते नेहमीचं बोलणं बोलल्या नाहीत. हळद आण असंही म्हणाल्या नाहीत. मी मरळ झाकून ठेवला आणि त्या दिवशी डाळ केली.

आमच्यात गौरीला खेकड्यांचा नैवेद्य असतो. पहिली दोन वर्षं सासूबाईंनी लांबच्या ओढ्यावरून कुणाकडून तरी मिळवले. मग शहापूरच्या बाजारातून खाडीची चिंबोरी आणायला लागले, पाय सुतळीने बांधलेली, एसटीत पिशवीतून. सासूबाईंनी ती ताटात ठेवली आणि गौरीपुढे पुटपुटल्या, "खाऱ्या पान्याची हाय, सांभाळून घे." मला हसू आलं आणि मग आलं नाही.

एका भादव्यात मी माहेरी गेले होते. मनात होतं की मुरबाडकडे तरी खेकडा-मासा असेल, लहानपणी ज्या ओढ्याने माझी शाळा अडवली त्या ओढ्यात तरी. भावाने मोठ्या कौतुकाने शेत दाखवलं. "ताई, बांध बघ कसा हाय. एक बीळ दाखव मला, एक!" मी दाखवू शकले नाही. ओढ्याकाठी तारेवर एक खंड्या बसला होता, चोच खाली करून पाण्याकडे बघत. माझी भाकरी खाऊन झाली, भांडी झाली, तरी तो तसाच. एकदाही त्याने पाण्यात सूर मारला नाही.

मला वाटायचं, खेकडा गेला तर खेकडाच जाईल. टोपलीतली एक कामटी निघाली तर टोपली टोपलीच राहते, तसं. आता वाटतं, कुठली कामटी काढली तर सगळी वीण सुटते, हे टोपली विणणाऱ्यालाही आधी सांगता येत नसेल. गेळाच्या फळाचं पाणी जनीला कळत होतं, कारण ते तिच्या पणजीपासून चालत आलं होतं. हे पाणी कुणालाच कळत नव्हतं. ह्यांना नाही, जनीला नाही, मलाही नाही. आणि आता कळून तरी काय? नवं पाणी दर वर्षी येतं. भरपूर येतं. कुणी उठत नाही.

जनी औषधाच्या त्या पहिल्या वर्षी आश्विनात आली ती रिकाम्या हाताने. "पुढल्या साली दोन सालांचं देते," म्हणाली. पुढच्या आषाढात मी तांदूळ दिले, उंच भरून. भादव्यात ती मूठभर झिंगे घेऊन आली आणि सागाच्या एवढ्या मोठ्या पानावर ते ठेवून म्हणाली, "हा एक वाटा." भाव तिने सांगितला नाही, मग भांडणही नाही. त्यानंतर ती आषाढात यायची, पण पायरीवर बसायची नाही. तांदूळ घेताना माझ्याकडे न बघता मापाकडे बघायची, आणि मी माप उंच भरलं की हाताने सपाट करायची. "बरोबर दे, वयनी. मोजता आलं पायजे." मग तिचा नवरा हिवतापाने बरेच दिवस पडला. मग एका आषाढात ती आलीच नाही. मी वाट बघितली, कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दाराशी जाऊन मागितले असतील का, हे मनात यायचं आणि मला त्याचाच मत्सर वाटायचा.

परवा ती आली.

दुपारची वेळ, मी एकटीच. ती अंगणात उभी होती. केसांना तेल लावलेलं, पायात नव्या चपला. मला एकदम वाटलं, कुठेतरी मासे लागले. हात बघितले तर हातात काही नव्हतं.

"बस ना, जने."

"नाय, बसत नाय." तिने पदराच्या गाठीतून नोटा काढल्या. "तुझं तांदूळ. राहिलेल्या समद्या सालांचं." आणि तिने दुकानातला भाव सांगितला, पूर्ण. मी वाट बघत होते की आता ती स्वतःशी भांडेल, कमी करेल, कपाळाला हात लावेल. तिने तोच भाव ठेवला.

"लय होतंय," मी म्हटलं. "एवढा भाव नको लावू. जुना तांदूळ होता, तुकडा होता. कमी कर."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आज बोलाया लागलीस?" आणि थोडंसं हसली, पूर्वीसारखं नाही.

"कुठून आणलेस?"

"उचल घेतली. दिवाळी झाली का टरक येईल वाडीवर. समदीच चाललो." मान वळवून तिने ओहोळाच्या बाजूला पाहिल्यासारखं केलं, पण नजर तिथवर नेली नाही. "जाताना कुनाचं ठेवाया नको."

मला खूप बोलायचं होतं.  तोंडातून एवढंच आलं, "जने, दहा रुपये तरी राहू दे. पुढल्या साली दे."

तिने ती दहाची नोटही माझ्या हातावर ठेवली आणि माझी बोटं मिटली. खेकड्याने धरलेल्या बोटावरचा वण तिला लागला असेल.

"पुढल्या साली तरी काय आनून फेडू, वयनी? पैसंच ना? मंग आताच घे."

रिकाम्या पदराला तिने सवयीने पुन्हा गाठ मारली आणि वाडीची वाट धरली. बांधावरून जाताना तिचे पाय सरळ पडत होते. माती चाचपत नव्हते.

पैसे मी तांदळाच्या डब्यात ठेवलेत. मोजून पाहिले, पुरे आहेत. जनीकडे माझं आता काहीच राहिलं नाही.